कोणी पाहिले?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, तसे कोणी लिहून अथवा सांगून ठेवलेले नाही. सबब शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून या विधानाचा प्रतिवाद केला. आठवडाभर वृत्तपत्रांना खाद्य मिळाले, व्यंगचित्रे निघाली आणि विषय मागे पडला.

मात्र तो संपला नव्हता. करोनाच्या साथीनंतर विद्यार्थ्यांवरील ओझे कमी करण्याचे कारण देऊन राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने आपली पुस्तके छाटली. त्या छाटणीत दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या पाठातून उत्क्रांती गेली, आनुवंशिकता तेवढी उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे आपला विरोध नोंदवला. परिषदेचे उत्तर असे की, बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहेच. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे जाणाऱ्या, आयटीआयची वाट धरणाऱ्या किंवा शाळाच सोडणाऱ्या मुलामुलींची बारावीच्या जीवशास्त्राशी गाठ कधी पडणार? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात, म्हणजे २०१८ साली आलेल्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या दुसऱ्या भागात, पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

मंत्रिमहोदयांच्या विधानाची टिंगल करणे सोपे होते आणि ती भरपूर झाली. परंतु ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न टिंगलीवारी नेण्याजोगा नाही. वर्गातला एखादा चौकस मुलगा तोच प्रश्न विचारतो. जे घडताना कोणी पाहिले नाही ते घडले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? हा जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर शिक्षकाला देता आले नाही, तर उत्क्रांती अभ्यासक्रमात राहूनही न राहिल्यासारखीच.

चार्वाकाचा पक्ष

प्रथम आपल्याच परंपरेकडे वळू. प्रत्यक्ष हेच एकमेव प्रमाण, डोळ्यांनी दिसेल तेवढेच खरे, ही भूमिका भारतीय दर्शनांत कोणाची? ती चार्वाकाची. वेदप्रामाण्य मानणाऱ्या दर्शनांनी ती आग्रहाने खोडून काढली, कारण ती मान्य केली तर जगातले बहुतेक ज्ञान हातचे जाते. न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यांपैकी शेषवत् म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान. भाष्यकार वात्स्यायनाने त्याला उदाहरण दिले आहे ते नदीच्या पुराचे. नदी दुथडी भरून गढूळ वाहताना दिसली की वरच्या अंगाला पाऊस झाला असे आपण समजतो. तो पाऊस आपण पाहिलेला नसतो, पाहण्याची आवश्यकताही नसते.

डार्विनचा सारा युक्तिवाद जातीने शेषवत् आहे. जीवसृष्टीत आज दिसणारी साम्ये, भेद, व्यंगे आणि प्रदेशोप्रदेशीची वाटणी हा त्याचा पूर आहे. भूतकाळातील वंशविस्तार हा त्याचा पाऊस. तेव्हा परंपरेच्या व्यासपीठावरून ‘कोणी पाहिले?’ असे विचारणारा मनुष्य, त्याच्या नकळत, चार्वाकाचा वकील होऊन बसतो. चार्वाक हा मोठा विचारवंत होता हे मान्य. पण त्या संमेलनाला तो अभिप्रेत नसावा.

मराठी कधी जन्मली?

आता आपल्या रोजच्या अनुभवातील एक उदाहरण घेऊ. मराठी भाषा महाराष्ट्री प्राकृतातून, मधल्या अपभ्रंशाच्या अवस्थेतून आली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हे घडताना कोणी पाहिले? आई प्राकृत बोलते आहे आणि तिच्या मांडीवरचे मूल मराठी बोलू लागले आहे, असा दिवस महाराष्ट्रात कधीच उगवला नाही. प्रत्येक पिढी आपल्या आईबापांचीच भाषा बोलत होती आणि प्रत्येक पिढी ती किंचित वेगळी बोलत होती. एखादा उच्चार झिजला, एखादा प्रत्यय गळाला, एखादा नवा शब्द रुळला. हालाच्या गाथासप्तशतीची भाषा आज आपल्याला अनुवादावाचून कळत नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बहुतेक ओव्यांना टीप लागते. बखरी मात्र थोड्या सवयीने वाचता येतात. सीमारेषा कोठेच नाही, तरी अंतर केवढे!

‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले?’ या प्रश्नातील गफलत येथे उघड होते. माकडिणीच्या पोटी माणूस जन्मला असे उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. आजचे चिंपांझी आमचे आजोबा आहेत असेही ते म्हणत नाही. चिंपांझी आणि माणूस यांचे पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते, एवढेच त्याचे म्हणणे. मराठी ही बंगालीपासून निघालेली नाही, पण दोघींचे मूळ एक आहे, असे म्हणण्यासारखेच हे आहे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आता अस्तित्वात नसेल, असे प्रतिपादन केले. ती मूळ भाषा बोलताना कोणी ऐकली आहे? कोणीच नाही. तरीही आज कोणताही जबाबदार भाषापंडित तिच्याविषयी शंका घेत नाही.

चुकांची साक्ष

साम्यावरून नाते ठरवण्यात एक धोका आहे, तो येथेच सांगितला पाहिजे. साम्य हे गरजेतूनही येते. मासा आणि देवमासा दोघांचा आकार होडीसारखा निमुळता, कारण पाण्यात पोहायचे तर तोच आकार सोयीचा. त्यावरून त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही. मग नाते सिद्ध होते कशावरून? याचे उत्तर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. दोन मुलांची उत्तरे बरोबर आणि सारखी आली तर दोघांनी अभ्यास केला असेल. परंतु दोघांच्या गणितात तिसऱ्या पायरीवर तीच चूक असेल, त्याच शब्दावर तोच अनुस्वार राहिला असेल, तर पेपर एकमेकांचा पाहिला आहे किंवा तिसऱ्या कोणाचा, यात संशय राहत नाही. बरोबर उत्तराला कारणे अनेक. समान चुकीला बहुधा एकच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची संशोधित आवृत्ती याच मार्गाने सिद्ध झाली. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरच्या, निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या. कोणत्या पोथ्यांत कोणते पाठ, कोणत्या भरी आणि कोणते प्रमाद समान आहेत हे पाहून त्यांची घराणी लावली, आणि १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी त्या घराण्यांचा वंशवृक्षच मांडला. मूळ पोथी कोणी पाहिलेली नव्हती. पुढे काही वर्षांनी नेपाळातील एक जुनी पोथी हाती आली, आणि सुकथनकरांच्या अनेक निर्णयांना तिने दुजोरा दिला. न पाहिलेल्या गोष्टीविषयी केलेले अनुमान पाहिलेल्या गोष्टीने असे पक्के केले.

जीवसृष्टीतही अशा समान चुका आहेत. बहुतेक सस्तन प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. उंदराला लिंबू खावे लागत नाही. आपल्याला ते अन्नातून घ्यावे लागते, नाहीतर स्कर्व्ही होतो. याचे कारण हे जीवनसत्त्व बनवण्याच्या साखळीतील शेवटचे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, ते जनुक आपल्यात मोडलेले आहे. गंमत अशी की ते नाहीसे झालेले नाही. त्याचे भग्नावशेष आपल्या गुणसूत्रांत अजून पडून आहेत. चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकडे यांच्यातही तेच जनुक मोडलेले असून त्यातील काही मोडतोड तर अगदी त्याच ठिकाणची आहे. गिनीपिगमध्येही हे जनुक निकामी आहे, पण त्याची मोडतोड मुख्यतः निराळ्या प्रकारची. एकाच उत्तरात दोघांनी आपापली चूक करावी तसा हा प्रकार. स्वतंत्रपणे घडवलेल्या निरनिराळ्या प्राण्यांत तीच नादुरुस्ती त्याच जागी का असावी, याचे समाधानकारक उत्तर एका वंशाची कल्पना देते. दुसरी कोणतीही कल्पना ते देत नाही.

उपमेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. लेखनिक एका पोथीची नक्कल करताना शेजारची दुसरी पोथी पाहून त्यातील श्लोक घालत असे. त्यामुळे महाभारताच्या पोथ्यांचे वंशवृक्ष सर्वत्र स्वच्छ लागत नाहीत, हे सुकथनकरांनीच कबूल केले. जिवाणूंचेही तसेच आहे. ते परस्परांत जनुकांची देवघेव करतात, म्हणून त्यांच्या बाबतीत वृक्षाऐवजी जाळ्याचे चित्र अधिक खरे ठरते. शास्त्र आपल्या चित्रात अशी दुरुस्ती करते, यात त्याचा कमीपणा नाही.

खोटे ठरण्याची तयारी

येथे एक अधिक कसलेला आक्षेपक पुढे येतो. तो म्हणतो, घडून गेलेल्या गोष्टींचे स्पष्टीकरण मागाहून कसेही देता येते; ज्योतिषीही देतो. हा आक्षेप कोणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी आपल्या आत्मचरित्रात डार्विनवाद ही कसोटीस लावता येणारी उपपत्ती नसून एक तत्त्वमीमांसात्मक संशोधन-कार्यक्रम आहे, असे लिहिले होते. उत्क्रांतीच्या विरोधकांनी हे वाक्य आजवर डोक्यावर घेतले आहे. त्याच पॉपर यांनी १९७७ साली केंब्रिजच्या व्याख्यानात, नैसर्गिक निवडीच्या उपपत्तीच्या कसोटीक्षमतेबद्दल आपले मत बदलले असल्याचे मोकळेपणाने सांगितले, हे मात्र ते सांगत नाहीत. अर्धे वाक्य उद्धृत करणे हा वादविवादातील जुनाच रोग आहे.

उत्क्रांती खोटी ठरायला काय पुरे होईल? जे. बी. एस. हाल्डेन यांच्या नावे सांगितले जाणारे उत्तर प्रसिद्ध आहे: कँब्रियनपूर्व खडकात सशाचा जीवाश्म. आयुष्याची अखेरची वर्षे ज्यांनी भारतात काढली आणि ज्यांचा मृत्यू १९६४ साली भुवनेश्वर येथे झाला, ते हे हाल्डेन. असा ससा आजवर कोणाला सापडलेला नाही. उलट, शास्त्राने आपली मान पुढे करून ठेवावी आणि ती शाबूत राहावी, असे प्रसंग अनेक आहेत. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना ४८ गुणसूत्रे, माणसाला ४६. पूर्वज एक असतील तर एक जोडी हरवून चालणार नाही. ती कोठेतरी जोडली गेलेली दिसली पाहिजे. १९९१ साली माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्येच, एरवी केवळ टोकांना आढळणाऱ्या रचना समोरासमोर भिडलेल्या आढळल्या. दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून एक झाल्याची ती शिवण होती.

दुसरा प्रसंग माशांचा. मासे आणि चतुष्पाद यांमधला प्राणी कोणत्या काळच्या खडकात असावा याचे गणित मांडून नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समिअर बेटावर शोध घेतला. अनेक मोसम हात हलवत परतल्यावर २००४ साली त्यांना सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडला. खवले आणि पर माशाचे; मान, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे चतुष्पादाची. त्याला ‘टिकटालिक’ असे नाव मिळाले. पुढे २०१० साली पोलंडमध्ये चतुष्पादांच्या त्याहूनही जुन्या पाऊलखुणा प्रसिद्ध झाल्या. तेव्हा टिकटालिक हा थेट पूर्वज नव्हे, मागे राहिलेला चुलता असावा, असा हिशेब पुन्हा मांडावा लागला. तपशील बदलला, नाते बदलले नाही. ज्योतिषी आपले चुकलेले भाकीत जाहीरपणे नोंदवून कुंडली दुरुस्त करताना कोणी पाहिला आहे काय?

दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा क्रम आहे, म्हणजे उत्क्रांती आमच्या पूर्वजांना ठाऊकच होती, असे सांगणाऱ्यांनीही हीच कसोटी लावून पाहावी. अवतारकथा भक्तीचा विषय आहेत, त्यांची भव्यता स्वयंसिद्ध आहे. त्यांना जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बसवणे म्हणजे त्यांना खडकातील हाडांच्या भरवशावर सोडणे होय. त्यात विज्ञानाचा लाभ नाही आणि श्रद्धेचाही सन्मान नाही.

एका शब्दाचा घोटाळा

काही दोष मात्र विज्ञान शिकवणाऱ्यांच्या पदरातही टाकला पाहिजे. ‘उत्क्रांती’ या शब्दातच ‘उत्’ म्हणजे वर आहे. वेदान्तात या शब्दाचा अर्थ जीवाचे देहातून निघून जाणे असा होता. नव्या मराठीत तो वर चढत जाण्याचा झाला. परिणामी अमीबापासून निघून माणसापर्यंत पोचणारी एक शिडी आपल्या मनात उभी राहते आणि भिंतीवरील तक्त्यात वाकलेले माकड पावलापावलाने ताठ होते. डार्विनच्या मनात शिडी नव्हती, फांद्या फुटलेले झाड होते. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात त्याने मुख्यतः ‘बदलांसह वंशक्रम’ अशा अर्थाचीच शब्दयोजना केली. या दृष्टीने आजचे झुरळ आपल्याइतकेच ‘उत्क्रांत’ आहे, कारण त्याचाही वंश तितकाच जुना आहे.

शिडी आली की पायऱ्या येतात आणि पायऱ्या आल्या की उच्चनीच भाव येतो. ‘बळी तो कान पिळी’ हा निसर्गाचा कायदा असल्याचे सांगून साम्राज्यवाद, वंशद्वेष आणि गरिबांविषयीची बेपर्वाई यांना शास्त्राचा मुलामा देण्यात आला, हा इतिहास आहे. ‘योग्यतमाचा टिकाव’ हे शब्द मूळचे डार्विनचे नव्हेत, हर्बर्ट स्पेन्सरचे. अनेक सज्जनांच्या मनात उत्क्रांतीविषयी जी अढी आहे, ती सशाच्या जीवाश्मामुळे नाही, या भयामुळे आहे, आणि ते भय समजून घेतले पाहिजे. परंतु जे आहे त्यावरून जे असावे ते निघत नाही. डार्विनचा कट्टर पाठीराखा टी. एच. हक्स्ले यानेच १८९३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात बजावले होते की, समाजाची नैतिक प्रगती निसर्गक्रमाचे अनुकरण करण्यात नाही, त्याचा मुकाबला करण्यात आहे.

कपाशीच्या शेतातील धडा

कोणी म्हणेल, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या गोष्टींवाचून कारकुनाचे वा कास्तकाराचे काय अडते? याचे उत्तर विदर्भाच्या कपाशीत आहे. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होते, हे तिचे वैशिष्ट्य. परंतु लाखो अळ्यांत एखादी त्या विषाला दाद न देणारी असतेच. सगळीकडे बीटीच असेल तर तेवढीच जगते, तिचीच वीण वाढते आणि काही वर्षांत शेत तिच्याच लेकरांचे होते. हे टाळण्यासाठी बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणे देण्यात येई. ते कडेच्या पाच ओळींत किंवा क्षेत्राच्या वीस टक्के भागात लावायचे, म्हणजे तेथे विषाला बळी पडणारी साधी अळी जगते, तिचे पतंग विषाला न जुमानणाऱ्या पतंगांशी जोडी जमवतात आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावतो.

हा सारा हिशेब नैसर्गिक निवडीचा आहे. शेतकऱ्याला ते पाकीट मिळाले, त्यामागचे कारण मात्र कोणी समजावून सांगितले नाही. मुद्दाम कीड पोसा असे सांगणारे ते बियाणे बहुतेकांनी लावले नाही. त्यांना दोष कसा द्यावा? २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रकारच्या बीटीला दाद देईनाशी झाल्याचे जाहीर झाले. पुढे दुहेरी प्रथिनाचीही तीच गत झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात उभ्या कपाशीची बोंडे आतून पोखरून निघाली. लांब मुदतीची संकरित वाणे, फरदड घेण्याची सवय, बियाण्यांचा बाजार अशी इतरही कारणे त्यामागे होती. पण अमेरिकेतील ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी ओळी पाळल्या, पुढे वांझ केलेले पतंग सोडण्याची त्याला जोड मिळाली, आणि २०१८ साली त्या देशाने आपल्या कपाशीतून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, हेही विसरता येत नाही.

‘कोणी पाहिले?’ या प्रश्नाला यवतमाळचा शेतकरी उत्तर देऊ शकेल. त्याने पाहिले आहे, एका पिढीच्याही आत, स्वतःच्या शेतात. जे पाहिले त्याला काय म्हणतात, एवढेच त्याला शाळेने सांगितले नव्हते. औषधांना दाद न देणारा क्षयरोग ज्यांच्या घरात शिरला, त्यांनीही तेच पाहिले आहे. प्रतिजैविकांचा डोस अर्धवट सोडू नये, हा डॉक्टरांचा सल्ला या ज्ञानावाचून केवळ हुकूम राहतो, आणि हुकूम मोडले जातात.

म्हणून प्रश्न एका पाठाचा नाही. उत्क्रांती दहावीच्या पुस्तकात असावी, हा आग्रह धरताना ती कशी शिकवली जावी याचाही आग्रह धरला पाहिजे. डार्विन म्हणतो म्हणून खरे, असे शिकवणारा शिक्षक शब्दप्रामाण्याच्या जागी दुसरे शब्दप्रामाण्य बसवतो. त्याने वर्गात मुलांना ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न विचारू द्यावा, किंबहुना स्वतःच विचारावा, आणि मग पुराच्या पाण्यावरून पावसापर्यंत, पोथ्यांतील प्रमादावरून मूळ पाठापर्यंत, मोडक्या जनुकावरून हरवलेल्या पूर्वजापर्यंत त्यांना चालवत न्यावे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी जपून, पुराव्याने आणि चूक कबूल करण्याच्या तयारीने बोलणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण आहे. ते ज्याला शाळेने दिले नाही, त्याला उद्या कोणीही व्यासपीठावरून काहीही सांगावे आणि त्याने टाळ्या वाजवाव्यात.